ओल म्हणा, पाणी म्हणू नका

फोन आला तेव्हा आमच्या सोसायटीच्या फाटकातून टँकर मागे येत होता. मागे येताना तो किंचाळतो, त्यात वॉचमन आपल्या आरोळ्यांची भर घालतो, आणि टाकीत पाइप सोडला की मोटारीची घरघर सुरू होते. उन्हाळ्यात कर्वेनगरात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. मी भाजीची पिशवी घेऊन जिन्याखाली उभी होते. धायरीहून पानसे काहीतरी सांगत होते आणि मी ओरडत होते, "काय? ऐकू येत नाही! जरा मोठ्याने बोला!" हे वाक्य माझं नाही. ते वन्संचं. गेली कितीतरी वर्षं त्या मला ते ऐकवत आल्या होत्या, आणि त्यांचीच बातमी ऐकताना ते माझ्या तोंडून निघालं... पानशांना पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. सुलभाताई गेल्या. चहाचं आधण ठेवलं होतं, बरं वाटेना म्हणून गॅस बंद करून खुर्चीत बसल्या असाव्यात, त्या तशाच गेल्या. गॅस बंद केला होता, हे पानशांनी मुद्दाम परत एकदा सांगितलं. शेजाऱ्याला तेवढंच कौतुकाने सांगण्यासारखं होतं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची, प्रकाशची, थोरली बहीण सुलभा. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी बजावलं, हिला वन्सं म्हणायचं. मी म्हटलं. त्यावर त्या म्हणाल्या, "वन्सं काय? संगीत नाटक चाललंय का इथे?" मी मुळात हट्टी, त्यामुळे तेच नाव ठेवलं. त्यांनी लग्न केलं नाही. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवलं, धायरी खरंच गाव होतं तेव्हा तिथे दोन खोल्यांचं घर घेतलं, आणि निवृत्त झाल्यावर माणसं जशी तीर्थयात्रेला लागतात तशा त्या लोकांच्या पाण्याच्या मागे लागल्या. तोवर डावा कान पार कामातून गेला होता आणि उजव्यात थोडी धुगधुगी होती. कानाचं यंत्र आणलं होतं, ते फ्रिजमध्ये अंड्यांच्या कप्प्यात असायचं. विचारलं तर म्हणायच्या, "त्याला नको ते सगळं ऐकू येतं." त्यामुळे आम्ही घरातली सगळी माणसं आपोआप त्यांच्या उजव्या हाताला बसायचो. पंगतीत उजवीकडची जागा मिळाली नाही की मला जेवण गोड लागत नसे, कारण त्यांचे शेरे ऐकायला तीच जागा लागे.

त्यांचं काम नेमकं काय होतं हे नातेवाइकांना शेवटपर्यंत कळलं नाही. 'ताई विहिरी शोधते' असं सगळे सांगायचे, म्हणजे नारळ हातावर घेऊन शेतातून फिरते असा समज. खरी गोष्ट अशी की सुताराच्या गिरमिटासारखंच, पण माणसापेक्षा उंच असं एक गिरमिट असतं. चार जणांनी मिळून ते हाताने फिरवायचं, माती वर काढायची, दांड्याला दांडा जोडत खाली जायचं, आणि ओल्या वाळूपर्यंत पोचलं की त्यात पाइप उतरवून वर हापसा बसवायचा. बोअरची मोठी गाडी जिथे जात नाही, आणि गेली तरी परवडत नाही, तिथल्या लोकांसाठी ही सोय. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी थोडं खाली गेलं की काळा पाषाण लागतो आणि गिरमिट हात टेकतं. पण नद्यांच्या काठाने गाळाचे पट्टे आहेत, तिथे ते चालतं. पुण्यातल्या एका लहानशा संस्थेकडे असं एकच गिरमिट होतं, आणि ते कुठल्या वस्तीला द्यायचं हे वन्संनी पाहून सांगायचं. भोक पाडणं फार अवघड नाही. इतक्या वरचं पाणी वैशाखापर्यंत टिकेल का, हे जोखणं अवघड. त्यासाठी त्या आसपासच्या सगळ्या विहिरी बघत, कुठली आधी आटते हे बायकांना विचारत, वर आलेली माती तळहातावर घेऊन थुंकी लावून चोळत. आमच्या घरात सोवळं पाळणाऱ्या एक मावशी होत्या, त्यांच्यासमोर हे मी मुद्दाम रंगवून सांगायची.

या कामात माझी पात्रता दोनच गोष्टींची... मला गाडी चालवता येत होती आणि माझे कान शाबूत होते. कान लागायचे ते डुबकीसाठी. डुबकी म्हणजे आमच्या सासूबाईंची जुनी पितळी कुंकवाची डबी, झाकण हरवलेली. तिच्या बुडाला भोक पाडून वन्संनी ती मोजायच्या टेपच्या टोकाला उपडी बांधली होती. "आईने माझ्या लग्नासाठी ठेवली होती. वाया नाही गेली," असं त्या कोणालाही सांगत. भोकात ही डबी सोडत जायचं. पाण्यावर उपडी आपटली की 'डुबुक' असा आवाज येतो, तिथे टेप धरायची आणि आकडा वाचायचा. नुसती टेप भिजली म्हणून चालत नाही, पाइपाच्या कडांना पाझर असतो, त्याने ती कुठेही भिजते. आवाजच खरा. तर टेप सोडायची त्यांनी, कान लावायचा मी, आणि आवाज आला की त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडायचं, "लागलं!" दोन प्रौढ बायका जमिनीवर गुडघे टेकून भोकात डोकावतायत आणि एक दुसरीवर ओरडतेय, हे बघायला माणसं जमायची.

मी 'लागलं' एवढंच ओरडायचं, 'पाणी लागलं' म्हणायचं नाही, असा नियम होता. गिरमिटाबरोबर गाळ वर आला, डबकं साठलं, बायकांनी हात धुतले, तरी वन्संच्या लेखी ती 'ओल'. ओल लागली. ओल बरी आहे. पाणी हा शब्द वैशाखात, आसपासचा कालवा बंद असताना पातळी मोजून झाल्यावर. मला हे कर्मठपणाचं वाटायचं आणि मी तसं बोलून दाखवायची. एकदा नीरेच्या बाजूला जाताना कात्रजच्या बोगद्यात शिरता शिरता मी विचारलं, "वन्सं, पाण्याला पाणी म्हटलं तर आभाळ कोसळतं का?" ट्रकांच्या आवाजात त्यांना माझं पुढचं काहीच ऐकू येणार नव्हतं, आणि बहुधा म्हणूनच त्या बोलायला लागल्या. सुरुवातीच्या दिवसांत एका वस्तीवर पौषात त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, पाणी लागलं. कालव्याला तेव्हा पाणी सुटलेलं होतं आणि तेच झिरपून भोकात आलं होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. शिकवताना हेच मुलांना घोकायला लावणारी बाई, आणि स्वतः कालव्याकडे पाठ करून उभी होती. हापसा बसला. वस्तीला पाणी आहे म्हणून टँकर बंद झाला. कालवा बंद पडल्यावर हापशातून नुसती हवा यायला लागली आणि टँकर परत सुरू करायला लोकांना चैत्र-वैशाख वणवण करावी लागली. "मी गेले, तर शिव्या नाही दिल्या गं कोणी. चहा दिला. त्यांच्याकडे होतं नव्हतं त्या पाण्याचा." बोगदा संपला, उजेड आला, तशा त्या गप्प झाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तेव्हा कानाला खडा लावला. ऐकू येणाऱ्या कानाला." त्यानंतर मी तो प्रश्न विचारला नाही.

यंदा माघात भीमेच्या काठच्या एका वस्तीवर गिरमिट गेलं. वस्ती हमरस्त्याच्या एका बाजूला आणि टँकर थांबतो दुसऱ्या बाजूला, मूळ गावात. हंडे घेऊन तो रस्ता ओलांडायचा. सुमन म्हणून एक आहे, वस्तीतल्या बायकांची पुढारी म्हणा, तिच्या सुनेला गेल्या वर्षी गाडीने उडवलं. जीव वाचला, पाय अधू झाला. त्यामुळे त्या बायकांनी गिरमिट ज्या इरेला पडून फिरवलं, तसं मी कुठे पाहिलं नव्हतं. तळहात सोलवटले तरी थांबेनात. ओली वाळू वर आली आणि पाइपातून हाताने उपसलेलं पाणी बादलीत पडलं तेव्हा एकच गलका झाला. सुमन धावत जाऊन नारळ घेऊन आली. संस्थेचे एक साहेबही हजर होते, त्यांनी फोटो काढायला घेतले. वन्संनी डुबकी सोडली, मी "लागलं!" म्हणून ओरडले, आणि त्यांनी टेप गुंडाळता गुंडाळता वळून वस्तीच्या वरच्या अंगाला बघितलं. कालवा भरून वाहत होता.

"नारळ ठेवून द्या," त्या म्हणाल्या. "तो काही आटत नाही. ही ओल आहे."

सुमनला वाटलं ऐकण्यात काहीतरी चूक झाली. तिने बादली उचलून त्यांच्यापुढे धरली. "ताई, पानी डोळ्यानं दिसतंय की! ह्याला ओल म्हंत्यात व्हय?" वन्सं म्हणाल्या, हे कालव्याचं पाणी आहे, कालवा बंद होऊ दे, मग बघू. साहेब मराठीत सुरुवात करून इंग्रजीत गेले, अहवाल द्यायचाय, गिरमिटाची वाट बघणाऱ्या आणखी वस्त्या आहेत. वन्संनी त्यांच्याकडे डावा कान केला. त्या हे नेहमी ठरवून करत. मग आवाज चढायला लागले. एक म्हातारा म्हणाला, पुण्याच्या लोकांना आमचं पाणीबी बघवत नाय. बायका उठल्या आणि आमच्या गाडीसमोर जाऊन बसल्या. पाणी हाय असं सांगा आन् मग जावा. मला खरं सांगायचं तर भीती वाटली. त्या बायकांची नाही, त्यांच्या सोललेल्या हातांची वाटली... त्यांना नाही कसं म्हणायचं? मी वन्संच्या कानाशी जाऊन म्हटलं, "एक शब्द म्हणा आणि सुटू या." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग सरळ जाऊन त्या बायकांच्या मध्ये, गाडीसमोर मातीत बसल्या. "मी पाणी म्हटलं की टँकर बंद होईल," त्या म्हणाल्या. "मग कालवा बंद होईल. मग तुम्ही काय कराल, मला सांगा. मी बसलेय." शेवटी सुमन म्हणाली, "कवा येनार परत?" कालवा बंद झाल्यावर, वन्संनी सांगितलं, आणि तोवर गिरमिट इथून हलणार नाही. साहेबांना हे तिथेच कळलं.

कालवा बंद झाला आणि आम्ही खेपा घालू लागलो. दर खेपेला डबी आणखी खाली जायची आणि आवाज आणखी लांबून यायचा. फाल्गुनाच्या अखेरीला गेलो तेव्हा पाइपाभोवती सगळी वस्ती उभी होती. मुलांना दटावून गप्प केलं होतं. वन्सं टेप सोडत होत्या, मी कान पाइपाला लावून पालथी पडले होते, आणि सुमन माझ्याशेजारी उकिडवी बसली होती, इतकी जवळ की तिचा श्वास ऐकू येत होता. टेप जात राहिली. मग डबी तळाच्या गाळात बसली, तो आवाज मला ठाऊक होता, पोत्यावर थाप मारल्यासारखा. सुमन पुटपुटली, "बाई, आला म्हना की आवाज." वन्सं भोकाकडे बघत नव्हत्या, माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांना माझ्याशिवाय दुसरा कान नव्हता. मी मान हलवली. "नाही," म्हटलं, आणि ते त्यांच्या कानाशी ओरडावं लागलं, त्यामुळे साऱ्या वस्तीला ते ओरडून सांगितल्यासारखं झालं. त्या दिवशीही आम्हाला चहा मिळाला. वन्सं कपाकडे बघत राहिल्या आणि मग गटागटा प्यायल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या नदीच्या अंगाला, कालव्यापासून लांब, उन्हातून फिरायला लागल्या. एका ओढ्याने कधीकाळी आपली वाट बदलली होती, त्याचं जुनं पात्र शेताखाली गाडलं गेलं होतं. ते त्यांनी मातीच्या रंगावरून आणि जवळच्या दोन विहिरींवरून हुडकून काढलं. ती जागा वस्तीपासून जरा दूर होती, पण रस्त्याच्या अलीकडे होती. बायकांनी पुन्हा गिरमिट धरलं, या वेळी गलका नव्हता आणि नारळही नव्हता. जाड वाळू वर आली. उपसून उपसून थकलो तरी पातळी परत वर येत होती. पाण्याचा नमुना तपासला, पिण्याजोगा निघाला. मी म्हटलं, "आता तरी?" वन्सं म्हणाल्या, "ओल चांगली आहे." सुमन आता शहाणी झाली होती. तिने साहेबांना परस्पर सांगून टाकलं, "ताईंच्या तोंडून पानी ऐकल्याबिगर आमी टँकर सोडनार नाय." वन्संना हे ऐकू गेलं नाही, मी ओरडून सांगितलं, तेव्हा त्या इतक्या खूश झाल्या की परतताना गाडीत गुणगुणत होत्या, बेसूर.

आमची शेवटची भेट त्यांच्या धायरीच्या घरी झाली. त्यांनी थालीपीठ लावलं होतं आणि ते जळलं होतं. पंख्याखाली बसून त्यांनी मला बजावलं, वैशाखात कालव्याला उन्हाळी पाणी सुटेल, त्याच्या आत जाऊन पातळी घ्यायची, नाहीतर सगळं पाणी एकमेकांत मिसळेल आणि मग खरं काय ते पुढच्या वर्षीच कळेल. "गाडीत हवा भरून ठेव. स्वतःच्या डोक्यात भरतेस तेवढी पुरे." डुबकी दाराशेजारच्या खिळ्याला लटकत होती. मी निघताना त्यांनी ती काढून उगीच पदराने पुसली आणि परत लावली. दम लागतोय का, असं मी विचारलं होतं. त्यांनी डावा कान केला.

त्या गेल्यावर घरात सुतक आलं, प्रकाश दिवस करत होता, माणसं भेटायला येत होती. अशातच सुमनचा फोन आला. तिला कोणीतरी कळवलं होतं. आधी ती नुसती रडली. मग म्हणाली, "बाई, असं बोलू नाय, पर उद्या कालव्याला पानी सोडनार म्हंत्यात." मी फोन ठेवला. मला रागच आला, कालव्यावर, सुमनवर, आणि सगळ्यांत जास्त वन्संवर. थोडं थांबता नसतं का आलं? एका शब्दासाठी माणसं ताटकळत ठेवली आणि तो न बोलताच निघून गेल्या. समोर बसलेल्या मावशी म्हणाल्या, दिवस झाल्याशिवाय घरातून कसं निघायचं, लोक काय म्हणतील. प्रकाशने डोकं वर केलं. तो या दिवसांत जवळजवळ बोललाच नव्हता. "जा तू," तो म्हणाला. "ताई असती तर स्वतःचं सुतक टाकून गेली असती." आणि मग आम्हाला दोघांनाही हसू आलं, आणि लगेच रडू आलं. मी धायरीला जाऊन कुलूप उघडलं, खिळ्यावरची डुबकी घेतली. घरात चहाचं ते भांडं अजून शेगडीवरच होतं.

वस्तीवर पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. वाटेत कालवा लागला, गाडी थांबवून मी खाली उतरून पाहिलं, कोरडा होता, तळाच्या फरशा तापल्या होत्या. जिवात जीव आला. नव्या पाइपाभोवती बायका उभ्या होत्या. सुमनने माझा दंड धरला आणि सोडला. मी गुडघे टेकले. टेप सोडणं हे माझं काम कधीच नव्हतं, त्यामुळे हात अडखळत होते, डबी पाइपाला किणकिण आपटत होती. या पाइपात चैत्रात मोजलेला आकडा आला आणि गेला, आणि टेप जातच राहिली... मला त्या पोत्यावरच्या थापेची भीती होती. बायकांकडे बघायचं धाडस होईना. अजून थोडी सोडली.

डुबुक.

स्वच्छ, भरलेला आवाज होता तो. खात्रीसाठी डबी उचलून परत सोडली, पुन्हा तसाच आला. पातळी चैत्रापेक्षा थोडीच उतरली होती आणि तळ अजून बराच खाली होता. आणि मी सवयीने डावीकडे वळले, तोंड जरा खाली नेलं, आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडले, "लागलं, वन्सं! पाणी लागलं!"

डावीकडे कोणी नव्हतं. नुसती माती होती, उन्हात तापलेली, आणि माझाच आवाज नदीच्या दरडीवर आपटून परत आला. कोणी हसलं नाही. मग सुमन येऊन त्याच जागी, माझ्या डाव्या हाताला बसली. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "एवढ्या मोठ्यानं वरडलासा बाई, ऐकलंच असंल त्यांनी."

मग ती माघातला नारळ आणायला घरी गेली.